कोसळलेला प्रोग्राम आणि टर्मिनलची घडी

लॉग, म्हणजे नोंदींच्या फायली, वाचायला मी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. बाणाच्या कळांनी वर-खाली जायचं, माउसने ओळ निवडायची, एवढंच काम. एकदा खिडकी फारच अरुंद केली, आत कुठेतरी शून्याने भागाकार झाला आणि तो मध्येच कोसळला. प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा मागणारी खूण) आला, पण टाइप केलेलं दिसेना. अंदाजाने फायलींची यादी मागितली, तर प्रत्येक ओळ आधीची संपली तिथून सुरू होत जिन्यासारखी उजवीकडे उतरत गेली. कर्सरही गायब.

खिडकी बंद करून टाकणं सोपं होतं. पण त्याच सत्रात दूरच्या मशीनवर तासभर चाललेलं काम होतं, ते मला सोडायचं नव्हतं.

म्हणून न दिसताच टाइप केलं: कंट्रोल-जे, मग 'एसटीटीवाय सेन' (stty sane, टर्मिनलची सेटिंग्ज ताळ्यावर आणणारी आज्ञा), पुन्हा कंट्रोल-जे. अशा वेळी एंटरवर विसंबू नये. ती कळ कॅरेज रिटर्न हे चिन्ह पाठवते, आणि त्याची नवी ओळ करणारं सेटिंगच बंद पडलेलं असू शकतं; कंट्रोल-जे थेट नव्या ओळीचंच चिन्ह पाठवते. अक्षरं उमटू लागली, ओळी सरळ झाल्या. कर्सर मात्र आला नाही, आणि आता माउस हलवला की '३५;४१;१२' असले आकडे प्रॉम्प्टवर सांडू लागले.

इथे खरी गोष्ट कळली. बिघाड दोन जागी होता. अक्षरं उमटवणं आणि ओळ जुळवणं कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टीटीवाय ड्रायव्हरकडे, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाकडे असतं, एसटीटीवाय तेवढंच बदलते. कर्सर लपवणं, माउसच्या खबरा आणि पर्यायी पडदा (प्रोग्रामपुरता उघडणारा वेगळा पडदा) टर्मिनल एम्युलेटरकडे, म्हणजे ती खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे असतात, त्यांना एस्केप सीक्वेन्सच (छापून पाठवायचे खास सांकेतिक संदेश) लागतात. 'रिसेट' ही आज्ञा दिल्यावर तीही घडी बसली.

मग प्रोग्राम दुरुस्त केला. सुरुवातीलाच टीसीगेटॅटर (tcgetattr, सेटिंग्ज वाचणारं फंक्शन) वापरून आधीची सेटिंग्ज जपून ठेवली आणि बाहेर पडताना तीच टीसीसेटॅटरने (tcsetattr, सेटिंग्ज लावणारं फंक्शन) परत दिली. 'सेन' इथे चालत नाही: मी काम थांबवायची कळ बदलून ठेवली होती, ती त्याने मूळच्या कंट्रोल-सीवर नेली. माणसाचं होतं तेच त्याला परत मिळायला हवं. माउस बंद, कर्सर चालू, पर्यायी पडद्यातून बाहेर, आणि त्यानंतरच त्रुटीचा संदेश. आधी छापला तर तो त्या पडद्याबरोबरच जातो. माझा तसाच गेला होता आणि भागाकाराची चूक शोधण्यात संध्याकाळ गेली. कंट्रोल-झेडने थांबतानाही हेच सगळं, आणि परत आल्यावर पुन्हा उलट.

उरला किल-९, म्हणजे प्रोग्राम सक्तीने तत्काळ बंद करणारा सिग्नल. तो सिग्नल प्रोग्रामला अडवताच येत नाही, त्यामुळे आतून काहीच करता येत नाही. पण ज्याने प्रोग्राम सुरू केला तो शेल (आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) जिवंत असतो. म्हणून प्रोग्रामभोवती चार ओळींची स्क्रिप्ट गुंडाळली: आधी 'एसटीटीवाय -जी'चं उत्तर, म्हणजे सध्याची सेटिंग्ज, चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायचं, प्रोग्राम चालवायचा, तो कसाही संपो, चलातलं तेच एसटीटीवायला परत द्यायचं आणि शेवटी कर्सर, माउस व पडद्याचे सीक्वेन्स छापायचे. दुसऱ्या खिडकीतून मुद्दाम किल-९ दिला. प्रॉम्प्ट आला, कर्सर लुकलुकत होता आणि टाइप केलेलं पहिलं अक्षर दिसलं.