टेलपासून सुरुवात

"सर, कुलगुरू राहिलेला माणूस आटपाडीकडं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांच्या बैठकांना कशाला बसतो?" सांगलीत कुठंही व्याख्यानाला गेलो की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याला माझी काळजी असते, मी पायरी उतरलो असं वाटत असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा, कोर्टातली प्रकरणं, यांत कुलगुरूची पाच वर्षं सरतात. माझा जीव मात्र परीक्षा विभागाच्या खिडकीत अडकलेला असायचा. गुणपत्रकात आईचं नाव चुकलं, एवढ्यासाठी टोकाच्या तालुक्यातली मुलगी पहाटेची एसटी धरून यायची. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली मूळ कागदपत्रं, सोबत रोजगार बुडवून आलेले वडील. आतून उत्तर यायचं, "कॉलेजचं पत्र आणा." की पुन्हा तेवढाच प्रवास. शहरातल्या मुलाचं हेच काम दुपारच्या आत उरकायचं. नियम दोघांना एकच होता! शेवटी दुरुस्तीचे अर्ज महाविद्यालयातच घ्यायचे आणि पुढचा पत्रव्यवहार विद्यापीठानं करायचा, असं ठरवून घेतलं. त्यावर बराच वाद झाला. पण कारकिर्दीतलं मोलाचं काम कोणतं म्हणाल, तर मी इमारतींची नावं घेणार नाही, हेच सांगेन.

आता पाण्याचं. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडीच्या माळापर्यंत नेते. या भागातल्या माणसांनी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर समन्यायी वाटपासाठी पाणी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले. पुढं २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना मोजून पाणी घ्यायचा आणि आपसात वाटायचा हक्क दिला. आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की आधी टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, रान भिजवायचं, मग वर सरकत यायचं, ही पद्धत सगळ्यांना मान्य आहे. अडतं ते रात्री, वरच्या अंगाला कुणी पाणी फोडलं की. आणि बैठकीत टेलचा शेतकरी नेमका मागं, दाराजवळ उभा असतो. त्याला पुढं बोलावणं, शेजपाळीची, म्हणजे कुणाला कधी पाणी त्याची, यादी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावणं, हे माझं काम. त्या खिडकीपाशी उभी असलेली मुलगीही विद्यापीठाच्या टेललाच होती. मग मी पायरी कुठली उतरलो?

शिवाय आपल्या भागाची रीतच अशी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्याच तालमीत घडलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आटपाडीत गावकुसाबाहेर जन्मलेले शंकरराव खरात आंबेडकरी चळवळीत राबले, वकिली केली आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पद आणि लोकांचं काम अशा दोन वाटा या माणसांनी कधी मानल्या नाहीत. मी त्यांच्याकडं बघतच मोठा झालो.

सध्या आमचा आग्रह एवढाच आहे की, वरच्या आणि टेलच्या पाणी मोजायच्या मापकांचे आकडे एकाच फळ्यावर लिहावेत. वरच्या अंगाचे काही सभासद अजून तयार नाहीत. उन्हाळी आवर्तनाच्या आत हे ठरायला हवं, म्हणून त्या बैठका मी चुकवत नाही.