दिवसरात्र राबणाऱ्या गेमिंग पीसीचे पार्ट निवडताना

नवीन पीसी जोडायचं ठरलं तेव्हा एकाच यंत्राला दोघांचं काम भागवायचं होतं. धाकटा भाऊ संध्याकाळी गेम खेळतो आणि खेळताना रेकॉर्डिंगही चालू ठेवतो. तो पीसीवरून उठला की माझं ब्लेंडरचं (थ्रीडी सॉफ्टवेअरचं) रेंडर, म्हणजे सीनवरून अंतिम चित्रं तयार करण्याचं काम लागतं, ते सकाळपर्यंत चालतं. म्हणजे पीसी बंद असा फारसा राहणार नव्हता, आणि चालू असताना त्याला उसंतही मिळणार नव्हती.

रिव्ह्यू वाचायला घेतले तर जिथे तिथे एकच प्रश्न, एफपीएस किती, म्हणजे गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम दिसतात? पाच-दहा मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये कोण पुढे याचे आलेख भरपूर सापडतात. मला मात्र तिसऱ्या तासाला काय होतं ते हवं होतं. पार्ट तापले की वेग उतरतो, पंखे ओरडायला लागतात, आणि हेच रोज झालं की आयुष्यही कमी होतं. म्हणून यादी उलट्या टोकाकडून केली. आधी वॉट ठरवले, पार्ट नंतर.

पीसी जेवढी वीज ओढतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते. ५०० वॉट ओढणारा पीसी म्हणजे खोलीत ५०० वॉटचा हीटर, आणि दहा तासांत पाच युनिट. म्हणून ५०० वॉट हीच मर्यादा ठरवली, तीही भिंतीवरच्या सॉकेटपाशी मोजलेली. आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच ५७५ वॉटचं आहे, त्यामुळे भावाचा पहिला हट्ट तिथेच निकालात निघाला. मग "ताई, निदान ५०८० तरी" असं सुरू झालं. ५०८० चे ३६० वॉट आणि ५०७० टीआयचे ३००, पण मेमरी दोन्हींत १६ जीबीच. ग्राफिक्स कार्डावर रेंडर करताना सीन कार्डाच्या मेमरीत मावणं महत्त्वाचं, नाहीतर काम रखडतं किंवा बंदच पडतं. मेमरी वाढणार नसेल तर वरचे साठ वॉट रात्रभर कशाला जाळायचे? ५०७० टीआय घेतलं. त्यातही मूळ वेगाचं, पण जाड हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि तीन पंख्यांचं मॉडेल निवडलं. कारखान्यातूनच वेग वाढवून (ओव्हरक्लॉक होऊन) येणाऱ्या कार्डांत दोन-तीन टक्के वेगासाठी पैसे जातात. हीटसिंक मोठा असेल तर पंखे सावकाश फिरतात, आणि सतत चालणाऱ्या कार्डात आधी कुरकुरतात ते पंखेच.

प्रोसेसरचा निर्णय रेंडर कशावर होतं यावर अडला होता. माझं सायकल्सचं (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनचं) रेंडर ग्राफिक्स कार्डावर होतं, त्यामुळे १७० वॉटच्या १६ कोअरच्या रायझन ९ ९९५०एक्सची गरज उरली नाही. एएमडीचाच रायझन ७ ९८००एक्स३डी घेतला. आठ कोअर, ९६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी), १२० वॉट. ही वाढीव कॅश आधीच्या पिढीत कोअरच्या वर बसवलेली असायची आणि उष्णता बाहेर पडायला आड यायची. या पिढीत ती कोअरच्या खाली गेली. तासन्‌तास लोड असलेल्या प्रोसेसरसाठी मला हा बदल एफपीएसपेक्षा मोलाचा वाटला.

इंटेल का नाही, असं बरेच जण विचारतात. १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं अस्थिर होण्याचं प्रकरण मी बारकाईने वाचलं होतं. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण एकदा झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही. एएमडीही अगदी धुतल्या तांदळासारखं नाही. २०२३ मध्ये त्यांच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर काही एक्स३डी, म्हणजे वाढीव कॅशचे प्रोसेसर जळाले, त्यानंतर एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारा बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर आलं. दोन्हीकडचं मूळ एकच, व्होल्टेज. म्हणून बोर्ड जोडल्यावर पहिलं काम बायोस अद्ययावत करण्याचं केलं, रॅमचा वेग वाढवणारं एक्स्पो प्रोफाइल त्यानंतर.

आता पॉवर सप्लाय. यादीत याचं नाव सगळ्यात खाली असतं आणि बजेट कमी पडलं की कात्री यालाच लागते. मी सुरुवातच इथून केली आणि सगळ्यात जास्त वेळही यालाच दिला. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा असतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडला ९० टक्के, एवढंच तो सांगतो. आतले कपॅसिटर कसले आहेत, संरक्षण सर्किट वेळेवर वीज तोडतं का, हे त्यात येत नाही. म्हणून सप्लाय उघडून तपासलेले रिव्ह्यू शोधले. कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या रेटिंगचे हवेत, ८५ चे नकोत. तापमान दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असा ठोकताळा आहे, आणि रोज रात्रभर चालणाऱ्या सप्लायला तो पुरेपूर लागू पडतो. लोड ५०० च्या आत असताना ८५० वॉटचा सप्लाय घेतला. कार्डाची शिफारस ७५० चीच आहे. पण निम्म्याच्या थोडं वर चालणारा सप्लाय गार राहतो आणि त्याचा पंखा क्वचितच ऐकू येतो. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या वॉटच्या बरंच वर उसळतं. असे अगदी छोटे झटके रेटिंगच्या दुपटीपर्यंत झेलण्याची अट एटीएक्स ३.० मानकात आहे. मी ३.१ चा घेतला, दहा वर्षांच्या वॉरंटीचा.

कार्डाला जाणारी १६ पिनांची केबल सप्लायसोबत आलेलीच वापरली, अडॅप्टर मध्ये आणला नाही. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० ची कनेक्टरं वितळल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक ठळक कारण होतं. म्हणून ही केबल कॅबिनेटमध्ये कार्ड बसवण्याआधीच, टेबलावर कार्ड आडवं ठेवून लावली. दोन्ही अंगठ्यांनी समान दाबत गेले. आधी मऊसर अडकल्यासारखं वाटतं. तिथे थांबायचं नाही. आणखी जोर दिल्यावर खटका लागला, तरी मोबाइलच्या टॉर्चने बाजूने पाहिलं. प्लगच्या कडेला आणि कार्डाच्या सॉकेटमध्ये फट राहिली नव्हती. खटक्याच्या आवाजावर विसंबू नये, कारण काही केबलींत तो येतच नाही. वायर प्लगच्या तोंडाशी न वाकवता सरळ बाहेर आणली आणि मग वळवली. त्यासाठी कॅबिनेटच्या काचेपर्यंतचं अंतर आधी मोजून ठेवलं होतं.

कूलरवरून आमचं चांगलंच वाजलं. भावाला लिक्विड कूलर हवा होता, दिसायला छान म्हणून. मी म्हटलं, "अरे, पंप रात्री तीनला बंद पडला तर?" लिक्विड कूलरमध्ये पंप हा एक जास्तीचा फिरता भाग असतो, आणि नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षं थोडाथोडा कमी होतो. एअर कूलरचा पंखा गेला तरी धातूचा हीटसिंक जागेवर असतो. प्रोसेसर वेग उतरवून घेतो आणि नवा पंखा क्लिपने लागतो. ९८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरला दोन मनोऱ्यांचा एअर कूलर पुरतो. आमचा १६५ मिमी उंच आहे, म्हणून कॅबिनेट निवडताना ती उंची आणि कार्डाची लांबी दोन्ही पाहिली. कॅबिनेटचं पुढचं तोंड जाळीचं घेतलं, काचेचं नाही. पुढून १४० मिमीचे तीन पंखे हवा आत ओढतात, मागून एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवर अडते.

रॅममध्ये डोकं फार खपवलं नाही. ३२ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५-६०००, सीएल३०. चार पट्ट्या टाळल्या, कारण या प्रोसेसरला चार पट्ट्यांवर एएमडी अधिकृतपणे ३६०० चाच वेग सांगते. मदरबोर्डही मधल्या बी८५० चिपसेटचा. फक्त व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) खरेखुरे हीटसिंक आहेत ना, एवढं पाहिलं.

एसएसडीबद्दल भीती घातली जाते की रेकॉर्डिंगने ती लवकर झिजते. हिशेब करून पाहिला. ५० मेगाबिटने रेकॉर्डिंग म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. रोज चार तास धरले तर वर्षाला ३३ टीबीच्या आसपास. चांगल्या २ टीबी टीएलसी एसएसडीला १२०० टीबी लिहिण्याची हमी असते. म्हणजे झिजण्याचा प्रश्न नाही, तापण्याचा आहे. रेकॉर्डिंगची एसएसडी वेगळी ठेवली आणि ग्राफिक्स कार्डाच्या थेट खाली नसलेल्या स्लॉटमध्ये बसवली. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आठवणीने काढला. तो तसाच राहून गेलेले पीसी मी पाहिलेत.

जोडणी झाल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावलं. त्यात एक जरी एरर आली असती तरी मी पट्ट्या परत केल्या असत्या. मग प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम लोडवर ठेवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान स्थिरावेपर्यंत थांबले. पहिल्या पंधरा मिनिटांचा आकडा काही कामाचा नाही, कॅबिनेटमधली हवा तापायला वेळ लागतो. कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर, म्हणजे २५५ वॉटवर आणली. रेंडरचा वेळ किंचित वाढला, भावाला गेममध्ये फरक ओळखता आला नाही, आणि पंखे मात्र स्पष्टपणे शांत झाले. प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवण्याच्या फंदात पडले नाही. ते अस्थिर असेल तर बऱ्याचदा जड लोडवर नाही, हलक्या कामात उघडं पडतं, आणि असला दोष शोधण्यात आठवडे जातात.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॉट यांत गल्लत होते. ०.६ पॉवर फॅक्टरचा १००० व्हीएचा यूपीएस ६०० वॉटच देतो. आमचा लोड पाहता तोच पुरला. मॉनिटर धरूनही थोडी जागा उरते. फक्त शुद्ध साइन वेव्हचा घेतला, कारण आजच्या सप्लायमधल्या ॲक्टिव्ह पीएफसीचं (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटचं) नकली साइन वेव्हशी काही वेळा पटत नाही आणि वीज जाताच पीसी बंद पडतो.

पहिल्या रात्रीच्या रेंडरचे आकडे, म्हणजे तापमान, पंख्यांचा वेग आणि खोलीचं तापमान, एका फाइलमध्ये ठेवलेत. अधूनमधून तोच सीन लावून ताडून पाहते. खोली तेवढीच गार असताना पंखे जास्त वेगाने फिरायला लागले की आधी फिल्टर धुते. त्यानेही फरक पडला नाही तर कूलर उतरवून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट बदलायची.