शेरूचं ‘कीटो’ आणि पांढरं सीरम

शेरू सहा वर्षांचा, ३० किलोचा, नसबंदी झालेला लॅब्राडोर. प्रभादेवीला राहतो. फिट येतात म्हणून त्याला फेनोबार्बिटोन आणि पोटॅशियम ब्रोमाइड ही दोन औषधं चालू आहेत. पाच आठवड्यांपूर्वी घरच्यांनी फिट कमी व्हाव्यात म्हणून त्याचं कोरडं फूड बंद करून बाजारात मिळणारं कच्चं, गोठवलेलं कीटो फूड, म्हणजे भरपूर चरबीचं आणि जवळपास कर्बोदकं नसलेलं खाणं, सुरू केलं होतं. मे महिन्यातल्या त्या सकाळी काका-काकू त्याला घेऊन आले ते तक्रार घेऊन नव्हे, आनंदाने सांगायला.

“डॉक्टर, किती शांत झालाय बघा. लिफ्टचं दार वाजलं तरी डोकं वर करत नाही. आणि महिनाभरात एकही फिट नाही.”

“काकू, त्याला जरा दारापर्यंत चालवता?”

फरशीवर त्याचे मागचे पाय किंचित फाकत होते आणि वळताना कंबर एका बाजूला झुकत होती. त्याला उभा करून मागचा उजवा पंजा उलटा ठेवला, म्हणजे बोटांची वरची बाजू जमिनीला टेकवली. निरोगी कुत्रा असा पंजा लगेच सरळ करतो. मी मनात चार आकडे मोजले तरी शेरूचा पंजा तसाच होता. काकूंना जी शांतता वाटत होती, ती गुंगी असावी अशी शंका मला तिथेच आली.

आदल्या रात्री आठनंतर त्याने काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे लगेच रक्त घेतलं. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली. खाली लाल थर होता आणि वरचं सीरम तांदळाच्या पेजेसारखं पांढरं. नळीमागे धरलेलं पेनही दिसेना. उपाशी कुत्र्याचं सीरम स्वच्छ, फिकट असायला हवं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, डेसीलिटरला ९१० मिलिग्रॅम निघाले. उपाशीपोटी हा आकडा साधारण दीडशेच्या आत असतो, पाचशेच्या वर गेला की मी स्वादुपिंडाची काळजी करायला लागतो. पॅन्क्रियाटिक लायपेज हे स्वादुपिंडाचं विकर २६० होतं. २०० पर्यंत ठीक आणि ४०० च्या वर स्वादुपिंडाचा दाह धरायचा, म्हणजे शेरू मधल्या पट्ट्यात होता. उलटी नव्हती, पोट दाबल्यावर दुखत नव्हतं. फेनोबार्बिटोनने काही कुत्र्यांत ट्रायग्लिसराइड्स आधीच चढलेले असतात, आणि ही दोन औषधं एकत्र घेणाऱ्यांत पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा हाच दाह, जास्त दिसतो. अशा कुत्र्याला चरबीचं खाणं देताना दहा वेळा विचार करायला हवा.

मग किटोन्स पाहिले, म्हणजे चरबी जळताना बनणारे पदार्थ. कीटो आहारात तेच रक्तात वाढायला हवेत. लघवीच्या पट्टीवर विसंबू नये, कारण ती फक्त ॲसिटोॲसिटेट हा किटोन दाखवते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला कळत नाही. म्हणून कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब मीटरवर घेतला आणि आकडा आला लिटरला ०.२ मिलिमोल. माणसांत ०.५ पासून पुढे किटोसिस म्हणतात. कुत्र्याचं शरीर किटोन्स झपाट्याने वापरून टाकतं, त्यामुळे नुसती चरबी वाढवून त्याला किटोसिसमध्ये नेणं अवघड जातं. ज्या कारणासाठी हे खाणं आणलं होतं, ते कारणच रक्तात सापडत नव्हतं.

काकांनी एक पाकीट सोबत आणलं होतं. वेगळ्या बॅचची आणखी दोन मी संध्याकाळी मागवून घेतली. अर्ध्या किलोची वीट, लेबलवर रेड्याचं मांस, काळीज, चरबी, मासळीचं तेल आणि पालक. (महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूच्या मांसावरही बंदी असल्याने इथलं कच्चं फूड बहुतेक म्हैस-रेडा किंवा कोंबडीचं असतं.) लेबलवरचे आकडे असे: प्रथिनं किमान ११ टक्के, चरबी किमान १९, तंतू कमाल १, ओलावा कमाल ६८, ऊर्जा १०० ग्रॅमला १९० किलोकॅलरी. राखेचा (फूड जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा) आकडा नाही, कॅल्शियमचा नाही, मिठाचाही नाही. आणि खाली ‘संपूर्ण व संतुलित’.

इथे ‘किमान’ या शब्दापाशी थांबावं लागतं. किमान १९ लिहिलेल्या पाकिटात २४ टक्के चरबी असली तरी लेबल खोटं ठरत नाही, पण गणित पार बदलतं. म्हणून कंपनीकडे प्रत्यक्ष पृथक्करण मागायचं, आणि ते मिळत नसेल तर प्रयोगशाळा गाठायची. नमुना घेताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, विटेचा एक कोपरा कापून पाठवणं. चरबीचे पांढरे गोळे सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे अख्खी वीट फ्रीजमध्ये वितळवून, सुटलेल्या पाण्यासकट एकजीव करून मगच नमुना काढायचा. दुसरी, जंतूंचा नमुना नंतर घेणं. तो सर्वांत आधी, निर्जंतुक पिशवीत काढायचा.

स्कूटरवरून आलेल्या पाकिटांत मी आधी थर्मामीटरची सुई खुपसली. विटेच्या मध्यभागी उणे ६ अंश होतं, लेबलवर उणे १८. एका पाकिटाच्या कोपऱ्यात गुलाबी रसाचा बर्फ साचला होता. ती वीट वाटेत किंवा गोदामात एकदा तरी वितळून पुन्हा गोठली होती.

अहवाल आठवड्याने आले. तिन्ही पाकिटांची सरासरी: ओलावा ६१.५, प्रथिनं ११.२, चरबी २३.८, तंतू ०.४, राख १.६. शंभरातून हे सगळं वजा केलं की कर्बोदकं उरतात १.५. प्रथिनं आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ३.५, चरबीला ८.५ किलोकॅलरी धरली की १०० ग्रॅममध्ये २४७ किलोकॅलरी होतात, लेबलच्या सव्वापटीहून जास्त. शेरूला दिवसाला साधारण १२५० लागतात. लेबलप्रमाणे घरचे ६६० ग्रॅम घालत होते, म्हणजे १६३०. त्यात चरबीच १५७ ग्रॅम.

हजार किलोकॅलरीमागे मांडलं की आणखी उलगडतं. चरबी ९६ ग्रॅम, तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००६ मध्ये दिलेली प्रौढ कुत्र्यांसाठीची सुरक्षित कमाल ८२.५. प्रथिनं ४५.३, पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एएएफसीओच्या किमान ४५ ला जेमतेम टेकलेली. राख १.६ टक्केच, हे पाहिल्यावरच हाडाची भुकटी किंवा खनिजं घातलेली नाहीत असं वाटलं होतं, आणि कॅल्शियम निघालं ०.२४ ग्रॅम. किमान हवं १.२५. फॉस्फरस ०.५३, हवा १. दोन्ही कमी, आणि एकमेकांशी प्रमाण उलटं. महिन्याभरात हे बाहेरून दिसत नाही. शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तातली पातळी टिकवतं, म्हणून रक्ताच्या अहवालावर समाधान मानण्यात अर्थ नाही.

तीनपैकी एका नमुन्यात साल्मोनेला मिळाला. २५ ग्रॅममध्ये तो अजिबात नको असतो. गोठवल्याने त्याची वाढ थांबते, तो मरत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१० ते २०१२ मध्ये १९६ कच्चे नमुने तपासले होते, त्यांत १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला होता. शेरूच्या घरी विटा ओट्यावर, भाजीच्या टोपलीशेजारी वितळत ठेवल्या जात, तेही मेच्या उकाड्यात. घरात दीड वर्षाचा नातू आहे, आणि कुत्रा स्वतः ठणठणीत असतानाही शीमधून जंतू टाकत राहतो. नातवाचं ऐकून काकूंचा चेहरा उतरला.

पण शेरूच्या लटपटीचं उत्तर क्लोराइडमध्ये होतं. ते ०.०७ टक्के निघालं, कोरड्या वजनावर ०.१८. एएएफसीओची किमान मर्यादा ०.१२ आहे, म्हणजे कोरड्या वजनाच्या टक्केवारीत पाहिलं तर यात दोष दिसत नाही. पण मूत्रपिंड ब्रोमाइड आणि क्लोराइड एकाच वाटेने हाताळतं. खाण्यातलं मीठ घटलं की ब्रोमाइड बाहेर पडेनासं होतं आणि औषधाची गोळी तीच असूनही रक्तात साचत जातं. उलट मीठ वाढलं की ते धुऊन निघतं. ब्रोमाइड चालू असलेला कुत्रा चौपाटीवर समुद्राचं पाणी प्यायला तर काही दिवसांनी त्याला फिट येऊ शकते ती यामुळेच. शेरूचं ब्रोमाइड पूर्वी लिटरला १५०० मिलिग्रॅम होतं, आता २३०० झालं होतं. फेनोबार्बिटोनसोबत १००० ते २००० पुरतं. महिनाभर फिट न येण्याचं श्रेय घरचे कीटोला देत होते, ते वाढलेल्या ब्रोमाइडचं होतं.

काका म्हणाले, “मग आजपासून जुनं फूड सुरू करतो.” तेच करायचं नव्हतं. कोरड्या फूडमध्ये मीठ कितीतरी जास्त असतं. एका रात्रीत बदल केला तर ब्रोमाइड घसरून फिट यायची भीती होती. क्लोराइडचा आकडा लेखी मिळालेलं कमी चरबीचं फूड निवडलं, दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने आणलं, आणि त्या काळात कच्चं मांस पूर्ण शिजवूनच, वर सुटलेली चरबी काढून द्यायला सांगितलं. ब्रोमाइडचा डोस पाव भागाने कमी केला. त्यानंतर उरलेल्या विटा दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायला लावल्या, बिल्डिंगखालच्या कुत्र्यांना घालू नका असं दोनदा बजावलं.

फिटसाठी आहार वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. २०१५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये २१ कुत्र्यांवरचा अभ्यास आला होता आणि त्यात फिट कमी झाल्या होत्या. पण ते मध्यम साखळीच्या मेदाम्लांचं, मोजूनमापून बनवलेलं कोरडं फूड होतं. रेड्याच्या चरबीत ती मेदाम्लं जवळपास नसतात. शेरूचे ट्रायग्लिसराइड्स खाली येईपर्यंत मी तेही थांबवून ठेवलं.

तीन आठवड्यांनी सीरम स्वच्छ होतं, ट्रायग्लिसराइड्स १६०. चौथ्या आठवड्यात ब्रोमाइड १९०० वर आलं आणि उलटा ठेवलेला पंजा त्याने लगेच सरळ केला. ब्रोमाइड नव्या पातळीवर स्थिरावायला तीन-चार महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे. तोपर्यंत फूडची बॅच बदलली तरी पाकिटाचा फोटो मला पाठवायचा, असं काकांशी ठरलं आहे.