तिकिटं कोणाच्या खिशात?

प्रत्येक घरात सहलीचा एक मालक असतो. मालक नावापुरता, खरं तर हमालच. तिकिटं त्याच्याकडे, सामानाचे नग त्यानेच मोजायचे, प्लॅटफॉर्म बदलला की आधी त्याने धावायचं, आणि काही बिनसलं की सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. आमच्या घरी ही जागा आधी बाबांची होती, मग माझ्याकडे आली आणि आता माझ्या मुलीने घेतली आहे. जुन्या प्रवासांच्या गप्पा निघाल्या की आमच्यात हमखास वाद होतात. एकाच गाडीतून गेलेल्या माणसांना इतकं वेगवेगळं कसं आठवतं, कोण जाणे. त्यातही तिकिटं ज्याच्या खिशात होती, त्याच्या आठवणी सगळ्यांहून निराळ्या.

बाबांचा प्रवास गाडी सुटायच्या कितीतरी महिने आधी सुरू व्हायचा. रेल्वेचं वेळापत्रक, लाल पेन्सिल आणि रेघांची वही घेऊन ते रात्री बसत. त्यांचा जीव सर्क्युलर टूरच्या तिकिटावर. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, मध्ये ठरवलेल्या ठिकाणी उतरायचं, आणि सगळ्याचं मिळून एकच लांबलचक तिकीट. रेल्वेत अंतर वाढलं की दर किलोमीटरचं भाडं कमी होत जातं, म्हणून तुकड्यातुकड्याने काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हे गणित त्यांनी आम्हाला इतक्यांदा समजावलं की माझ्या भावाला पाढ्यांआधी ते पाठ झालं असावं. रिझर्व्हेशन तेव्हा कॉम्प्युटरवर नव्हतं. मधल्या स्टेशनवरून पुढच्या गाडीत जागा हवी असेल तर तिकडे तार जायची आणि मग उत्तराची वाट बघत बसायचं. कधी उत्तर यायचं, कधी आपणच तिथे पोचून विचारायचं. त्यामुळे कुठल्याही मोठ्या स्टेशनवर उतरलो की बाबा पहिल्यांदा दिसेनासे होत, आणि आई होल्डॉलवर, म्हणजे अंथरुणाच्या वळकटीवर, बसून आम्हाला हलू देत नसे.

१९८३ मध्ये आम्ही रामेश्वरला गेलो. मी बारा वर्षांची, भाऊ सातचा. मद्रास सेंट्रलला रुंद रुळांच्या ब्रॉडगेज गाडीतून उतरायचं आणि सगळं सामान घेऊन एग्मोर स्टेशनला जायचं, कारण दक्षिणेकडच्या अरुंद रुळांच्या मीटरगेज गाड्या तिथून सुटत. आमच्या सामानात एक लोखंडी ट्रंक होती, तिच्यावर बाबांनी पांढऱ्या रंगाने आपली आद्याक्षरं घातली होती. मीटरगेजच्या डब्यात ती ट्रंक बाकाखाली सरकेना. रात्रभर ती वाटेतच राहिली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने तिला ठोकर मारून तमिळमध्ये काहीतरी ऐकवलं. भावाला त्या सगळ्या प्रवासातलं एवढंच आठवतं.

मला आठवतो तो पांबनचा पूल. १९१४ साली बांधलेला, समुद्रावरून दोनेक किलोमीटर जाणारा. रस्त्याचा पूल तेव्हा झालेला नव्हता, तो १९८८ चा. म्हणजे रामेश्वरच्या बेटावर जायचं तर आगगाडी नाहीतर होडी. पुलावर गाडी इतकी हळू चालायची की शेजारून कोणी सायकलवर असता तर पुढे निघून गेला असता. डब्याच्या दाराशी उभं राहिलं की खाली कठडा नाही, काही नाही, थेट हिरवट पाणी. पुलाच्या मध्यावर जहाजांना वाट देण्यासाठी उघडणारा भाग होता. तो माणसं हाताने दांडे फिरवून उघडतात, असं बाबांनी सांगितलं तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. ते खरं होतं.

नेमकं तिथेच, गाडी पाण्यावर असताना, बाबांना १९६४ सालचं वादळ आठवलं. त्या डिसेंबरात बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडी गावाजवळ एक पॅसेंजर गाडी लाटांनी ओढून नेली, आतलं कोणीही वाचलं नाही, गावही गेलं, आणि या पुलाचे गाळे वाहून गेले. ते दुरुस्त करायचं काम ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरकडे आलं आणि त्यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा चालू केला. बाबांना ही गोष्ट इंजिनिअरच्या कौतुकासाठी सांगायची होती. आईने ती वाहून गेलेल्या गाडीपर्यंतच ऐकली. 'हे उतरल्यावर सांगता आलं नसतं का?' एवढं म्हणून ती पुढे दिवसभर बाबांशी बोलली नाही. (हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र आईसमोर धरलं आणि म्हणाले, 'बघ, त्या दिवशी मी कोणाबद्दल सांगत होतो ते.' पंधरा वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं!)

दुसऱ्या दिवशी वाळूतून हिंदकळत धनुष्कोडीला गेलो. पोटातून सगळं वर येतंय की काय असं झालं. चर्चच्या उभ्या भिंती, रेल्वे स्टेशनचे अवशेष आणि दोन्हीकडे समुद्र. बाबा मात्र स्टेशनच्या दगडांपाशी उभे राहून परतीच्या गाडीची वेळ पुन्हा पुन्हा बघत होते. मग कन्याकुमारी. तिथलं मला फारसं आठवत नाही, विवेकानंद स्मारकाकडे जाणाऱ्या बोटीत भाऊ ओकला एवढं सोडून.

लग्नानंतर तिकिटं माझ्याकडे आली. नवरा चांगला माणूस आहे, पण त्याच्याकडे तिकीट देणं म्हणजे ते हरवायला देणं. १९९९ साली मुलांना घेऊन आम्ही काल्काहून शिमल्याला गेलो. ९६ किलोमीटरची छोटी लाइन, १९०३ पासूनची, बोगदेच बोगदे, आणि प्रत्येकाला नंबर. मुलं नंबर वाचून ओरडत होती. बरोगचा ३३ नंबरचा बोगदा सगळ्यात लांब, एक किलोमीटरहून जास्त. तो संपता संपत नाही असं वाटून मुलगी रडायला लागली, आणि बाहेर येताच गाडी स्टेशनात थांबल्यावर लगेच म्हणाली, परत आत जाऊया. हे मला माहीत आहे, कारण नवरा ते रंगवून सांगतो. मी त्या वेळी पर्समध्ये हॉटेलच्या बुकिंगची पावती शोधत होते. देवदार वृक्ष मी पाहिले ते पुढे फोटोंत.

फोटोंचंही एक बरं होतं. रोलमध्ये ३६ फोटो, आणि ते पूर्ण सहलीला पुरवायचे. त्यामुळे डोंगर दिसला की काढ फोटो, असं नव्हतं. 'थांब, पुढे याहून चांगलं असेल,' असं म्हणत म्हणत शेवटच्या दिवशी निम्मा रोल उरायचा आणि मग हॉटेलच्या जिन्यात, टॅक्सीवाल्याबरोबर, कुठल्याशा कुत्र्याबरोबर फोटो काढून तो संपवायचा. आज अल्बम उघडला की तेच फोटो जास्त बघितले जातात. टॅक्सीवाल्याच्या स्वेटरची वीण मी अजून सांगू शकते.

मध्ये दोनतीनदा टूर कंपनीबरोबरही जाऊन आलो. सोय उत्तम, तक्रारीला जागा नाही. पण सगळं ठरलेलं, बसमध्ये चढा, उतरा, हजेरी द्या. घरातल्या घरात वाद घालायला काही कारणच उरत नाही, आणि माझं मत विचाराल तर वादाशिवायची सहल लक्षात राहत नाही. त्या सहलींबद्दल आमच्याकडे कोणी अवाक्षर काढत नाही.

२००६ मध्ये आम्ही आईबाबांना घेऊन उटीला गेलो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा बिनातिकिटाचे, म्हणजे तिकीट होतं, पण माझ्या पर्समध्ये. आयआरसीटीसीवरून काढलेलं. त्यांना ते पटतच नव्हतं. मेट्टुपालयमपर्यंत येताना रात्री दोनदा त्यांनी मला उठवून विचारलं, कोच नंबर बरोबर आहे ना? आपण त्या कोचमध्येच झोपलो होतो. त्यांचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

मेट्टुपालयमहून निलगिरीची गाडी सकाळी निघाली. मला कसं सुचलं कोण जाणे, मी त्यांना सगळ्यात पुढच्या डब्यात खिडकीशी बसवलं. ही गाडी चढावर वाफेचं इंजिन मागून ढकलतं, म्हणजे पुढे काहीच नाही. डब्याच्या तोंडाशी झेंडी घेतलेला माणूस उभा, आणि त्याच्यापुढे नुसते रूळ. कल्लारनंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते, इंजिनाची दातेरी चाकं त्यात अडकत अडकत गाडी वर चढते, कारण बारा फुटांमागे फूटभर असा तो चढ आहे. बाबांनी हे सगळं नातवंडांना समजावून सांगायला सुरुवात केली. मग एका वळणावर खाली दरी उघडली आणि ते बोलायचे थांबले. कुन्नूरपर्यंत गप्प. कुन्नूरला इंजिन बदलून डिझेलचं लागलं, ते बघायला सगळे उतरले, आणि बाबा जागेवरून हलले नाहीत. मी विचारलं, 'इंजिन बघायचं नाही?' तर म्हणाले, 'तू बघून ये. मला जरा बसू दे.' स्टेशनवर गाडी थांबली आणि बाबा खाली उतरले नाहीत, असं त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. २०२५ मध्ये माझ्या मुलीने जाहीर केलं की आजीला रामेश्वरला न्यायचं. तिकिटं तिच्या फोनमध्ये, हॉटेल फोनमध्ये, गाडी किती मिनिटं उशिरा आहे तेही फोनमध्ये. मी आणि आई नुसत्या सामानासारख्या. मदुराईहून निघालो. पांबनला आता नवा पूल आहे, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला. मधला ७२ मीटरचा गाळा विजेवर सरळ वर उचलला जातो. हाताने दांडे फिरवणारी माणसं आता नकोत. शेजारी जुना गंजका पूल उभा होता. मी आईला दाखवायला लागले, 'आठवतं का, इथून गेलो होतो?'

आई म्हणाली, 'मला काय आठवणार! मी डोळे मिटून घेतले होते. तुझ्या भावाचा शर्ट घट्ट धरून बसले होते रामेश्वर येईपर्यंत.'

बेचाळीस वर्षांनी हे मला कळलं. तिच्यासाठी पांबनचा समुद्र नवाकोरा होता. ती खिडकीच्या गजांना नाक लावून बसली होती आणि दर मिनिटाला काहीतरी नवीन दाखवत होती, होडी, पक्षी, कुठेतरी पाण्यात उभा माणूस. गाडी जुन्यापेक्षा पुष्कळच वेगात गेली. आईला ते आवडलं नाही. 'एवढी घाई कसली?' म्हणाली.

धनुष्कोडीला आता डांबरी रस्ता आहे, २०१७ पासून, पार जमिनीच्या टोकापर्यंत. तिथे गाडीतून उतरून आईने चर्चच्या भिंती पाहिल्या आणि विचारलं, हे १९८३ मध्ये आपण आलो तेव्हापेक्षा कमी झालंय ना? झालंय. मुलीने दोघींचे इतके फोटो काढले की बाबांचे दहा रोल संपले असते.

आता नवीन खूळ. काश्मीरला रेल्वे गेल्याचं आईने टीव्हीवर पाहिलं आहे. चिनाबवरचा पूल, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच. कटऱ्याहून पुढे थेट श्रीनगर. १९८३ मध्ये डोळे मिटून बसलेली बाई आता माझ्या मुलीला रोज विचारते की रिझर्व्हेशन कधी उघडतं. भावाचा विरोध आहे. या वयात एवढा प्रवास नको, जायचंच असेल तर विमानाने जा, असं त्याचं म्हणणं. परवा फोनवर त्याने ते तिलाच ऐकवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'विमानातून बोगदे दिसतात का रे?'