भागाकारापूर्वीचा विचार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी सगळेच लिहितील. मी इथल्या गणिताच्या तासाने लावलेल्या एका सवयीबद्दल लिहितो: भाग घालण्यापूर्वी विभाजक कसा असू शकेल, ते पाहायचे. आज शाळेत असलेल्या मुलांनी पुढचे गणित कागद-पेन्सिल घेऊनच वाचावे.

संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ च्या १, २, ४, ८, १६ या घातांत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असे फ्रेंच गणिती फर्माला सतराव्या शतकात वाटले. १७३२ साली स्विस गणिती ऑयलरने या सहाव्या संख्येला ६४१ ने भाग जातो हे दाखवले.

वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत जायचे म्हटले, तर ६५,५३६ पर्यंत अशा ६,५४२ संख्या आहेत. एवढे कष्ट नकोत. समजा, मूळ संख्या 'प' ने भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१ उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि वर्ग केल्यावर, म्हणजे ६४ व्या घाताला, बाकी १. त्याआधी बाकी १ कधीच येत नाही. आली असती, तर असा सर्वांत लहान घात ६४ चा लहान विभाजक असता, त्याने ३२ लाही भाग गेला असता आणि ३२ व्या घाताची बाकी १ आली असती. आता फर्माचेच छोटे प्रमेय सांगते, की (प−१) व्या घाताची बाकी १ असते. म्हणून प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. फर्माचा अंदाज मोडायला त्याचेच प्रमेय उपयोगी पडावे, हे मला फार सुंदर वाटते.

६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या अशा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात उत्तर! पडताळाही मोठ्या भागाकाराविना होतो. २ चा १६ वा घात ६५,५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले की १५४ उरतात. १५४ चा वर्ग २३,७१६, आणि ६४१ × ३७ = २३,७१७. बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य.

संगणकावर करताना जपा. ३२ बिटांच्या चिन्हरहित (म्हणजे ऋण संख्या नसलेल्या) पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच आकडे मावतात, त्यामुळे आपली संख्या तिथे नुसती १ होऊन बसते. फर्माची चाचणी (तपासायची संख्या न असेल, तर आधार म्हणून घेतलेल्या संख्येच्या (न−१) व्या घाताला न ने भागून बाकी १ येते का, ते पाहणे) २ हा आधार घेऊन केली, तर ही संख्या मूळ असल्यासारखीच वागते, कारण ६४ व्या घाताला बाकी १ येते आणि २ च्या ३२ व्या घाताला ६४ ने भाग जातो. आधार ३ घेतला, की खरे रूप उघडे पडते.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे का? वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. त्याचा कोणताही विभाजक आपल्या मोठ्या संख्येचाही विभाजक असतो. फ्रेंच गणिती ल्यूकाने पुढे ६४ च्या जागी १२८ चालते हे सिद्ध केले, त्यामुळे तपासायला २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच संख्या राहतात. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे हा अवयव मूळच.