हळिवाचे लाडू आणि लेकाची निळी वही

परवा सासूबाई गावाहून आल्या तेव्हा पिशवीत हळिवाच्या लाडवांचा डबा होता. खास नातवासाठी. "अगं, रक्त भरतं यानं." त्यांचा हात धरून सांगावं लागलं, "आई, हे त्याला नको."

माझ्या लेकाला, वय १४, थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयारच न होण्याचा आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. हिमोग्लोबिन कमी असलं तरी त्याच्या अंगात लोह कमी नाही, उलट साठलंय. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह आत जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. बाकीचं यकृतात, हृदयात, ग्रंथींत जाऊन बसतं. ते उतरवायला रोजची गोळी, आणि दर तीन महिन्यांनी फेरिटिन, म्हणजे अंगात किती लोह साठलंय त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी.

हे आकडे मी निळ्या वहीत लिहिते. गेल्या पावसाळ्यात १६५० वरून एकदम २९०० आलं. मी लेकावर ओरडले, गोळ्या चुकवतोस म्हणून. तो रडून सांगत होता की घेतोय. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "ताप होता का?" होता. आदल्याच आठवड्यात घसा सुजून १०२ ताप. ताप असला, कुठे सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं. बरं वाटल्यावर पुन्हा काढलं, १७०० निघालं. मी लेकाची माफी मागितली. तेव्हापासून वहीत तापाचा वेगळा रकाना आहे.

पाय दुखतात म्हणायचा, ते आम्ही वाढीचं दुखणं समजत होतो. व्हिटॅमिन डी ११ निघालं, म्हणजे फारच कमी. थॅलेसेमियात हाडं तशीही ठिसूळ होतात, म्हणून डी आणि कॅल्शियम बघायलाच हवं. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी पावडरीची पाकिटं दिली, आता ३२ आहे. व्हिटॅमिन सी मात्र मनानं देऊ नका, आवळ्याचा रस रोज पाजायला मलाही खूप जणींनी सांगितलं होतं. सीमुळे अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं, आणि लोह साठलेल्या शरीरात सीचा मोठा डोस हृदयाला जड जाऊ शकतो.

माझं स्वतःचं हिमोग्लोबिन कॉलेजात १०.२ होतं. वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, ६४ इतका कमी होता, पण फेरिटिन कुणी बघितलं नाही, थॅलेसेमियाचा वाहक ओळखणारी एचबीए२ तपासणी तर नाहीच. मी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराची वाहक आहे हे लेकाच्या निदानानंतर कळलं. नवराही मायनर, आणि दोघंही मायनर असले की मूल मेजर होऊ शकतं. याचा राग अजून जात नाही.

सासूबाई वही उलटून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "धाकटीचं लग्न ठरतंय. तिची झालीय का गं ही तपासणी?"

झाली नव्हती. मंगळवारी नणंदेला घेऊन आम्ही दोघी लॅबमध्ये जातोय. लाडवांचा डबा शेजारच्या बाळंतिणीकडे दिला.