पगार एकाचा, माणसं पाच आणि माझी दलाली

बदलापुरात भाड्याने राहिलं की दर अकरा महिन्यांनी घरांचा बाजार आपोआप समोर येतो. कुठला मालक घर सोडताना रंगाचे पैसे कापून घेतो, कुठल्या सोसायटीत मोटर बिघडली की टँकरच्या पैशांवरून भांडणं होतात, ‘स्टेशनपासून सात मिनिटं’ म्हणून सांगितलेली इमारत पायी किती लांब पडते, हे सगळं मला पाठ होतं. या माहितीचे पैसे मिळतात हे मात्र दुसऱ्याला ते मिळताना बघून कळलं.

आमच्या शेजारचा फ्लॅट मुलुंडला राहणाऱ्या एका काकांचा. रिकामा असला की चावी माझ्याकडे. एजंट गिऱ्हाईक घेऊन यायचा, मी दार उघडायचे, पंखे लावून दाखवायचे, पाणी किती वाजता येतं ते सांगायचे. व्यवहार ठरला की त्याला एक महिन्याचं भाडं, ६,५०० रुपये. मला ‘थँक्यू वहिनी’. पुढच्या खेपेला फ्लॅट रिकामा झाला तेव्हा मी काकांना फोन लावला आणि म्हटलं, यावेळी माणूस मी आणते. माझ्याकडे फॉल-बीडिंगला साड्या देणाऱ्या एका ताईंचा भाऊ घर शोधतच होता. दोन्हीकडून मिळून ५,००० रुपये हातात आले. तेवढ्यासाठी मला साड्यांचा केवढा गठ्ठा उपसावा लागला असता!

नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर, हातात १७,०००. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. शिल्लक म्हणावी अशी काही नव्हती. अशा घरातून या धंद्यात शिरताना लोक पहिलं विचारतात ते भांडवलाचं. भाड्याच्या घरांच्या कामाला भांडवल जवळपास लागत नाही. मोबाइलचा रिचार्ज, शेअर रिक्षाचं भाडं आणि एक वही एवढ्यावर भागतं. अडचण निराळीच आहे. काम आज होतं आणि पैसा कधी येईल ते सांगता येत नाही. महिन्याच्या सात तारखेला किराणावाल्याची उधारी मिटवायची असेल तर किती मिळणार यापेक्षा कधी मिळणार हे आधी बघावं लागतं. म्हणून माझ्या ओळखीतले दोघं-तिघं थेट नव्या फ्लॅटच्या विक्रीत उतरले तेव्हा मी भाड्याच्याच घरांना धरून राहिले. एका फ्लॅटच्या दलालीत वर्षभराची भाड्याची कामं बसतात, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण भाड्याची दलाली ॲग्रीमेंटच्या दिवशी, चावी देताना, तिथल्या तिथे मिळते.

या कामात खरी मालमत्ता म्हणजे चाव्या. मालक डोंबिवली, ठाणे, मुलुंडला राहतात, दर गिऱ्हाइकासाठी कोण येणार? मी मालकांना सांगायचे, चावी माझ्याकडे ठेवा, महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून केर काढेन, गळती दिसली तर फोटो पाठवेन. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. एवढ्यावर चाव्या येत गेल्या. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी चाव्यांचा डबा आला, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. बाईमाणसाने परक्या पुरुषांना रिकामी घरं दाखवत फिरायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. आणि त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. तेव्हापासून एकटा पुरुष घर बघायला येणार असेल तर वेळ संध्याकाळची, नवरा कामावरून आल्यावरची. दुपारची वेळ कुटुंबांची. धाकटी शाळेतून आली की माझ्याबरोबर असायची आणि घर दाखवताना तीच आधी पळत जाऊन ‘इथे गॅलरी आहे’ म्हणून ओरडायची.

पार्टी डायरेक्ट होणं हा या धंद्यातला जुना रोग. घर तुम्ही दाखवता, दोन दिवसांनी भाडेकरू आणि मालक परस्पर भेटतात, तुमचा फोन कुणी उचलत नाही. सगळे एजंट यावरून चिडतात. मला वाटतं चिडून फार उपयोग नाही, माणूस महिन्याचं भाडं वाचवायला बघणारच. मी व्हिजिटच्या वहीत तारीख, इमारत आणि सही घेऊ लागले आणि त्याच संध्याकाळी मालकाला मेसेज टाकायचा, आज अमुक जण घर बघून गेले. त्याने पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं. खरा फरक पडला तो ॲग्रीमेंटचं काम मी स्वतः करू लागले तेव्हा. कागदासाठी दोघांना माझ्याकडेच यावं लागे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. बऱ्याच मालकांना वाटतं, नोटरी केली की झालं. नोंदणीचा खर्चही लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का : पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. महिना ७,००० भाडं, २५,००० डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर बेरीज ७९,००० च्या आसपास जाते आणि शुल्क २०० रुपयांत बसतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून हे घरबसल्या होतं. वेबकॅम, अंगठ्याचं मशीन आणि आधार लागतं. मशीन मी नवऱ्याच्या बोनसमधून घेतलं. त्यातली गंमत म्हणजे एमआयडीसीत काम करणाऱ्यांचे आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे ठसे मशीनला पटता पटत नाहीत. बोटं झिजलेली असतात. ओल्या फडक्याने पुसायची, दुसरं बोट लावायचं, पुन्हा लावायचं. घाईत असलेल्या मालकांना चहा करून द्यायचा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचं कामही मी त्यातच धरते. या कामाची मजुरी वेगळी, आणि मुख्य म्हणजे त्याच दिवशी.

एक गोष्ट आजही खटकते. फोनवर मालकांचे पहिले प्रश्न भाड्याचे नसतात. आडनाव काय, मासे-मटण खातात का, एकटी मुलगी असेल तर तिच्याकडे कोण कोण येतं. हे सगळं मी घर दाखवण्याआधी मालकाला विचारून घेते, म्हणजे एखाद्या कुटुंबाला चार जिने चढवून वर ‘नाही’ ऐकवावं लागत नाही. हे करताना मीही त्याच व्यवस्थेचा भाग होते, हे मला कळतं. काही मालकांच्या चाव्या मी परत दिल्या आहेत. सगळ्यांच्या द्यायची ऐपत नव्हती.

बदलापूर पश्चिमेला घर दाखवताना उल्हास नदीबद्दल सांगायचं की नाही, यावर एजंटांमध्ये एकमत नाही. २००५ च्या आणि २०१९ च्या जुलैत हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागात पाणी शिरलं होतं. २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिलं. तळमजल्याचं घर असेल तर मी भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवते. काही जण घेत नाहीत. काही जण भाडं कमी करून मागतात आणि घेतात, पावसाळ्यापुरतं सामान वर कुठे ठेवता येईल ते विचारून. पण सांगितलं म्हणून ज्यांनी घर घेतलं नाही त्यांनीच पुढे माझ्याकडे नातेवाईक पाठवले.

भाड्याच्या कामाला रेराची, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याखालची, नोंदणी लागत नाही. रेराखाली नोंदलेल्या नव्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करायची तर ती लागते, नाहीतर दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकंच विचारू लागली, ताई, भाड्याचं खूप झालं, आता एखादं घ्यायचं बघा ना. तेव्हा नोंदणीचं मनावर घेतलं. महारेराने, म्हणजे तो कायदा राज्यात राबवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रशिक्षण वीस तासांचं, परीक्षा आयबीपीएस ही बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था घेते, संगणकावर. परीक्षा पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र नोंदणीच्या अर्जाला जोडायचं. व्यक्ती म्हणून नोंदणी करायची तर फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. ते १०,००० एकदम काढणं आम्हाला शक्य नव्हतं. बचत गटातून कर्ज घेतलं, महिना दोन टक्क्यांनी.

बारावीनंतर पहिल्यांदाच परीक्षेला बसत होते. मोठा मुलगा माझे प्रश्न घ्यायचा. ‘आई, चटई क्षेत्र म्हणजे काय?’ मी भाकरी थापता थापता सांगायचे : आतलं वापरायचं क्षेत्र, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही, आतल्या भिंती मात्र धरायच्या. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, हेही तिथेच पक्कं झालं. अर्जाबरोबर लेटरहेड आणि रबरी शिक्क्याचा नमुनाही द्यावा लागतो. ज्या बाईच्या नावाचं विजेचं बिलही नव्हतं तिच्या नावाचं लेटरहेड छापून आलं, तेव्हा सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं.

पहिला फ्लॅट विकला तो ३२ लाखांचा, दलाली दोन टक्के ठरलेली. ६४,००० हा आकडा घरात सगळ्यांना तोंडपाठ झाला आणि तिथेच मी सगळ्यांना बजावलं, बँकेत येईपर्यंत तो आपला नाही. आणि झालंही तसंच. ग्राहकाचं कर्ज मंजूर व्हायचं, करार नोंदवायचा, बँकेचा पहिला हप्ता बिल्डरकडे जायचा, त्यानंतर आमचं बिल घेणार. बिल दिल्यावर हिशेबवाले साहेब सुट्टीवर, मग सही राहिली, मग ‘पुढच्या आठवड्यात’. शाळेची फी मधे येऊन गेली, ती दोन ॲग्रीमेंटच्या पैशांतून भरली. दिवाळी झाल्यावर पैसे आले, दोन टक्के टीडीएस कापून. बचत गटाचं कर्ज त्याच दिवशी फेडलं.

दुसऱ्या एका प्रकल्पात ताबा याच वर्षी मिळेल म्हणून सेल्सवाल्याने छातीठोक सांगितलं. मी महारेराच्या संकेतस्थळावर बघितलं तर पूर्णत्वाची तारीख वाढवून घेतलेली होती, अजून बरीच लांब. ते पान मी ग्राहकाला दाखवलं. त्याने घर घेतलं नाही, आणि सेल्सवाल्याने मला पुन्हा साइटवर बोलावलं नाही. चुकीची माहिती देणाऱ्या एजंटालाही कायदा सोडत नाही, हे माझ्यापुरतं पुरेसं कारण होतं. आणि तो ग्राहक रोज माझ्याच गल्लीतून जातो.

आता भाड्यातून महिन्याला साधारण नवऱ्याच्या पगाराएवढं सुटतं, पावसाळ्यात कमी, मे-जूनमध्ये शाळा बदलायच्या दिवसांत जास्त. त्याने नोकरी सोडलेली नाही आणि मीही सोड म्हणणार नाही; पीएफ आणि ईएसआयसी त्या नोकरीमुळे आहे, सासूबाईंची औषधं तिथूनच येतात. फ्लॅट वर्षाला एखाददुसरा होतो. आम्ही मात्र अजून भाड्यानेच राहतो. दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली मी लावून देते, पण माझी स्वतःची फाइल बँकेने बाजूला ठेवली, कारण धंदा करणाऱ्यांकडून ते मागच्या वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं मागतात आणि रोखीत घेतलेली सुरुवातीची दलाली कुठेच दिसत नाही. आता सगळे पैसे खात्यावर घेते आणि विवरणपत्र वेळेत भरते. दोन भरून झाली आहेत. तिसरं येत्या जुलैत भरायचं आहे.